दुधातून काय काय जातं

निपाणी
१४ जुलै २०२५

मालुबाई विहीणबाईंना चंपाबाईचा जय जिनेंद्र.

नातू झाल्याचं आमच्या ह्यांनी अंगणातून ओरडून सांगितलं. मी तेव्हा देवळात निघाले होते. मोबाईल त्यांच्या हातात होता आणि पलीकडे आमचा अभिनंदन बोलत होता, पण मी कानाला लावला नाही. आषाढ चतुर्दशीला मी चातुर्मासाला आलेल्या साध्वी माताजींसमोर नेम घेतला आहे. दिवाळीपर्यंत मोबाईलला शिवायचं नाही, दुसऱ्यानं धरलेल्या मोबाईलवर बोलायचं नाही, आणि निपाणीची वेस ओलांडायची नाही. तुमच्या माधवीची सुटका सुखरूप व्हावी म्हणूनच घेतला. दोन दिवसांत ती सुटली. आता नातू तुमच्या बेळगुंदीत, मी इथं, आणि मध्ये माझाच नेम. आमचे हे दिवसभर हसत होते. संध्याकाळी मी त्यांना सूर्य मावळायच्या पाच मिनिटं आधी ताट वाढलं. भराभर गिळताना हसणं थांबलं.

तेव्हा आता पत्रच. माझं अक्षर चांगलं आहे.

मुद्द्याचं लिहिते. तुमच्याकडे बाळंतिणीला लसूण फार घालतात असं ऐकून आहे. आमच्या घरात कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत येत नाही. आईच्या पोटात जे जातं ते दुधात उतरतं. लसूण उतरते, राग उतरतो, बोलण्याची ढबसुद्धा उतरते. माझी आतेबहीण बाळंतपणात सगळ्यांशी भांडली, तिचा मुलगा आज चिकोडीत वकील आहे. माझ्या नातवानं डोळे उघडायच्या आधी लसूण चाखलेली मला चालणार नाही. शेपू, अळीव, डिंक, मेथी, तूप, हवं तेवढं घाला.

नाव स्वरूप ठेवायचं ठरलं आहे. बारशाला ह्यांना पाठवते.

चंपाबाई


बेळगुंदी
१९ जुलै २०२५

चंपाबाई विहीणबाईस्नी मालुबाईचा रामराम.

पत्र पावलं. अक्षर झ्याक हाय तुमचं. माझं सातवीपातूरचं हाय, गोड मानून घ्या.

पोरगं ठणठणीत. तीन किलोला शंभर ग्राम कमी भरलं. नाक तुमच्या घरचं हाय, आवाज आमच्या घरचा. स्वरूप नाव चांगलं हाय. पण आमच्या घरात सगळी त्याला भावकूच म्हणाय लागल्यात, माझ्या सासऱ्याचं नाव. त्येंच्यावानीच कपाळाला आठी घालून बघतंय. बारशाला स्वरूपच म्हणू, तुमी काळजी करू नगा.

लसणाचं खोटं बोलणार न्हाय. रोज चार पाकळ्या तुपात तळून देत हुते. तुमचं पत्र आल्यावर बंद करायचं ठरवलंय. सोमवारपासनं. तवर कुटलेली चटणी संपंल.

पण विहीणबाई, दुधातनं कायबी उतरत न्हाय बगा. माधवीच्या टायमाला मी गल्लीतल्या सगळ्यांशी भांडले. पाण्यावरनं, बांधावरनं, कोंबडीवरनं. राग उतरत असता तर तुमच्या सुनेनं आजपातूर तुमची निम्मी भांडी फोडली असती. तीन वर्सांत कप तरी फोडलाय का तिनं? आईचं दूध सगळ्यात चोख. त्यात कायबी जात न्हाय.

दवाखान्यात सोय लई चांगली. पोरगं झाल्यावर बारा तासांच्या आत दोन मांड्यांत दोन इंजेक्शनं दिली. एक त्येंच्याकडं हुतं, दुसरं बेळगावातनं बर्फात घालून आणलं. जावईबापू पळत गेलते. सगळ्याच पोरास्नी देत्यात म्हणं.

मालुबाई


निपाणी
२६ जुलै २०२५

मालुबाई विहीणबाईंना जय जिनेंद्र.

हे बारशाहून परत आले. पाळणा, फुलं, घुगऱ्या, सगळ्याचं वर्णन केलं. तुमची सून आणि मुलगा हसतमुख आहेत म्हणाले. काय जेवलात विचारलं तर म्हणाले पिठलं-भाकरी. नंतर दोन दिवस मी त्यांच्याशी चार हात लांबून बोलत होते. पिठल्यात लसूण नव्हती असं ते शपथेवर सांगतात. स्वयंपाकघराचा वास अंगाला लागला म्हणाले. चाळीस वर्षं मी ह्या माणसाला ओळखते.

आता दुसरं. आमच्या शेजारी मंगल म्हणून नर्स राहते, सरकारी दवाखान्यात आहे. तुमच्या दोन इंजेक्शनांचं तिला सहज सांगितलं. ती म्हणाली, एक सगळ्याच मुलांना देतात. बर्फातलं दुसरं कारणाशिवाय देत नाहीत. कारण काय असतं ते तिनं सांगितलं नाही. विहीणबाईंना विचारा म्हणाली, आणि घाईनं कपडे वाळत घालायला गेली. पाऊस पडत होता.

म्हणून विचारते. दुसरं इंजेक्शन कशासाठी?

चंपाबाई


बेळगुंदी
३० जुलै २०२५

चंपाबाई विहीणबाईस्नी रामराम.

काल नागपंचमी झाली. पाऊस लई हाय. रोपलावण उरकली, माणसं मिळंनात, आमच्या सुनेचं भाऊ आलते म्हणून झालं. म्हशीला रेडी झाली. वारुळाला जायाच्या वाटंवर गुडघाभर चिखल, मी एक चप्पल तिथंच सोडून आले. दिंडं केलती, गूळ जरा जास्त पडला.

भावकू, म्हंजे स्वरूप, बरा हाय.

इंजेक्शनाचं डॉक्टरला इचारून कळवते. आता बाटली उकळाय ठेवलीया, ती बघाय जाते.

मालुबाई


निपाणी
९ ऑगस्ट २०२५

मालुबाई विहीणबाईंना.

बाटली कोणाची? हे विचारायला मी पत्र घेऊन बसले होते, पण आता उत्तर कळलं आहे. ह्यांना मी देवळात विचारलं. घरात विचारलं असतं तर ते पेपर वाचत बसले असते. देवळात ते खोटं बोलत नाहीत.

माधवीच्या रक्तात कावीळ बी चे विषाणू आहेत. सातव्या महिन्यात कळलं. अभिनंदनला माहीत, ह्यांना माहीत, तुम्हाला माहीत, मंगलनं अंदाज केला. सगळ्या निपाणीत मी एकटी बाई अशी, जिला दुधात लसूण उतरेल याची काळजी होती. आईचे उपास चाललेत, तिला दिवाळीनंतर सांगू, असं अभिनंदन म्हणाला म्हणे. आणि तुम्ही मला रेडी झाल्याचं कळवलंत. मुलगी देताना रक्त तपासून दिली असतीत तर आज ही वेळ आली नसती.

असो. मी तीन दिवस विचार केला आहे. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. असे जीव पाण्यातही असतात आणि त्याचं काय करायचं हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सोबत दोन गाळणी पाठवते. जाड कापड, नवीन, तीन वेळा धुतलेलं. माधवीनं दूध वाटीत काढावं, गाळण दुहेरी करून गाळावं, उकळावं, निववून चमच्यानं पाजावं. अंगावर अजिबात पाजू नये. कापडात राहिलेले जीव मोरीत फेकायचे नाहीत, ती हिंसा होते. पाणी गाळल्यावर आम्ही कापड उलटं करून जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडतो. जिथले जीव तिथंच, अलगद.

एवढं होणार नसेल तर दूध बंद करा आणि डब्यातली पावडर द्या. मी ह्यांच्याबरोबर एक डबा पाठवीन. माझ्या नातवाच्या तोंडात जाणूनबुजून रोग घालायचा नाही.

चंपाबाई


बेळगुंदी
१४ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

गाळणं मिळाली. कापड मऊ हाय, पोराची चार लंगोटी झाली.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पयल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा जिवाणीचं वाचून हसाय आलं. जिथलं जीव तिथंच सोडायचं म्हणतासा, म्हंजे दूध गाळून ती परत माधवीच्या आंगात सोडू? कुठनं सोडू ते तरी लिवायचं हुतं. तिसऱ्यांदा वाचलं तवा त्या रक्त तपासायच्या वाक्यावर थांबले.

आता समदं सांगते. कायबी लपवत न्हाय.

डॉक्टरीणबाईंनी मला आन सुनेला बसवून नीट समजावून सांगितलंय. ही कावीळ रक्तात असती. आईकडनं पोराला जाते ती जलमताना, रक्तातनं. म्हणून तर पोरगं बाहेर आल्यावर बारा तासांच्या आत ती दोन इंजेक्शनं. एक लस, आन एक तयार ताकद, लस लागू हुईपातूर राखण कराय. ती दिल्यावर आईनं खुशाल आंगावर पाजायचं. गाळायचं न्हाय, उकळायचं न्हाय. उकळलं तर चांगलं हाय तेबी जातंय. बोंडाला चीर पडून रक्त आलं तर तेवढी बाजू बरी हुईपातूर पाजायची न्हाय, दुसरी पाजायची. दीड महिन्यापासनं पुढचे डोस, आन नऊ महिन्यांनी पोराचं रक्त तपासायचं. माधवीला आत्ता औषधबी नगं म्हणाल्यात, नुसती सहा महिन्यांनी तपासणी.

समजलं का मला? समजलं. घरी येऊन काय केलं? बाटली आणली.

व्हय, बाटली मीच आणली. तुमास्नी लिवलं दुधातनं कायबी जात न्हाय, आन मलाच भ्या वाटाय लागलं. शेजारची म्हणाली, कशाला जोखीम घेतीस. दोन दिस मी पोराला आतल्या खोलीत न्हेऊन वरचं दूध पाजलं. माधवीला सांगितलं, तू निज, तुझी झोप व्हायला पायजे. तिचं दूध तटलं, ताप आला, आन तिकडं पोरगं बाटली थुकून वरडत हुतं. तिसऱ्या दिवशी ती उठून आतल्या खोलीत आली. वरडली न्हाय. नुसतं म्हणाली, "आई, सातव्या महिन्यापासनं मला काय वाटलं नव्हतं. तू त्याला माझ्याजवळनं उचलून न्हेलंस, तवा वाटलं, मी रोगी हाय."

मी बाटली चुलीत घातली. प्लॅस्टिकची हुती, घरभर वास सुटला, माझा पोरगा म्हणाला आई आता गॅस हाय की, चुलीत कशाला. पण मला चुलीतच घालायची हुती.

आन ते रक्त तपासायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या घरातल्या सगळ्यांचं तपासा. तपासलं. माझा पोरगा मोकळा, सून मोकळी. माझ्यात हाय. म्हंजे माधवीला मीच दिलंय, ती जलमली तवा. मला एक दिवस कावीळ झाली न्हाय, एक दिवस शेत चुकलं न्हाय, आन आंगात ते घेऊन बसलेले. त्या वक्ताला असल्या इंजेक्शनाचं आमच्या गावात कुणी नावबी ऐकलं नव्हतं. मी इचारलं, माझ्या दुधातनं गेलं काय. त्या म्हणाल्या, न्हवं, जलमतानाच. तरी माझ्या मनातनं जात न्हाय.

तवा बोलायचं तर मला बोला. रक्त तपासायचं हुतं तर माझं. माझ्या पोरीला एक अक्षर बोलू नगा. ती पाजणार हाय, आन आंगावरच पाजणार हाय. तुमी पावडरीचा डबा पाठवलासा तर म्हशीच्या रेडीला घालीन.

मालुबाई


निपाणी
८ सप्टेंबर २०२५

मालुबाई विहीणबाईंना चंपाबाईचा जय जिनेंद्र.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. आधी रागानं दिलं नाही. नंतर पर्युषण पर्व सुरू झालं. शेवटी लाज वाटत होती म्हणून दिलं नाही.

पर्वाचे दहा दिवस मी एकभुक्त होते. शेवटी तीन उपवास केले. आजूबाजूच्या बायका पाया पडून जात होत्या, आणि मलाही आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटत होतं. नातवासाठी करत होते ना. एके दिवशी प्रवचनात माताजींनी अहिंसेला लागणारे पाच दोष सांगितले. बांधणं, मारणं, अवयव तोडणं, जास्त भार लादणं. हे चारही मी मान डोलवत ऐकले, कारण ह्यातलं मी काही करत नाही. पाचवा म्हणजे आपल्यावर अवलंबून असणाऱ्याचं अन्नपाणी रोखणं. त्यांनी बैलाचं उदाहरण दिलं. माझी मान डोलायची थांबली.

प्रवचन संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. गाळणांचंही सांगितलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मला वाटतं त्या हसू आवरत होत्या, पण माताजींच्या बाबतीत असं लिहू नये. मग त्यांनी विचारलं, डॉक्टरांनी दूध पाजा म्हटलं आहे का? मी म्हटलं, हो. मूल पितं का? मी म्हटलं, पितं म्हणतात.

"मग उपवास तुझा आहे, चंपा. बाळाचा नाही."

मी घरी येऊन रडले. ह्यांना वाटलं उपवासानं अशक्तपणा आला, त्यांनी मंगलला बोलावलं. ती आली ते बरंच झालं. तुम्ही लिहिलंत ते सगळं तिनं तसंच्या तसं सांगितलं, फक्त जास्त रागानं. जेवणातून, भांड्यांतून, जवळ घेण्यानं ही कावीळ पसरत नाही, हेही तिनं सांगितलं. मग आमची दोघांची रक्तं तपासून घेतली. दोघं मोकळे. अभिनंदननं लग्नाआधी परदेशी जायचं म्हणून लस घेतली होती, परदेश राहिला पण लस कामाला आली. आता आम्हीही पहिली टोचून घेतली. हे सुई बघूनच बाकावर आडवे झाले. मी म्हटलं, बारा तासांच्याही न झालेल्या बाळानं दोन घेतल्या.

आज क्षमावाणी आहे. आमच्यात ह्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागतात. दरवर्षी मी पन्नास जणांना तीच छापील ओळ पाठवते आणि एकाचाही चेहरा आठवत नाही. ही हातानं लिहिते. मी माझ्या नातवाचं दूध तोडायला सांगितलं. तुमच्या मुलीच्या रक्तावर बोलले. तुम्हाला नको ते ऐकवलं. मला क्षमा करा. माधवीलाही वाचून दाखवा. त्याला पिऊ द्या, पोटभर, अंगावर.

माताजींना लसणीबद्दल मात्र विचारलेलं नाही. तिथं माझं मत कायम आहे.

चंपाबाई


बेळगुंदी
१५ सप्टेंबर २०२५

चंपाबाई विहीणबाईस्नी रामराम.

माधवीला वाचून दाखवलं. ती म्हणाली परत वाच. दुसऱ्यांदा वाचताना पोरगं तिच्या मांडीवर पीत हुतं, मधीच थांबून माझ्याकडं आठी घालून बघितलं, आन परत पियाला लागलं. त्येनं तुमास्नी माफ केलं असं धरून चाला.

मीबी माफी मागते. रेडीचं लिवलं ते खरं हुतं, पण लपवायला लिवलं. आन बारशाच्या पिठल्यात लसूण हुती. व्याह्यांनी दोनदा मागून घेतलं. त्येंना काय बोलू नगा.

मालुबाई


निपाणी
१८ एप्रिल २०२६

मालुबाई विहीणबाईंना जय जिनेंद्र.

माझा नेम दिवाळीला संपला, मोबाईल माझ्या हातात आहे, आणि तरी पत्र लिहायची वेळ आली. कारण मी फोनवर या म्हटलं की तुम्ही "आवाज येत न्हाय" म्हणून ठेवून देता. माधवी आणि स्वरूप इथं आल्याला पाच महिने झाले. तुम्ही एकदाही आला नाहीत. आधी सुगी होती, मग सुनेची तब्येत, मग म्हैस. तुमच्या म्हशीला एका वर्षात जेवढे आजार झाले तेवढे अख्ख्या तालुक्यात कोणाला झाले नसतील.

पहिली बातमी. स्वरूपचा रिपोर्ट आला. कावीळ नाही. लसीची ताकद अंगात भरपूर तयार झाली आहे. अभिनंदननं तो कागद तीन वेळा मोठ्यानं वाचला, माधवीनं एकदाच वाचला आणि देव्हाऱ्यात ठेवला. पोरगा अजून तिचं पितो, शिवाय मऊ भात खातो, आणि समोर दिसेल त्याला "ओ" म्हणून हाक मारतो. ही ढब निपाणीची नाही.

दुसरी गोष्ट. माधवीनं मला काल सांगितलं. ऑगस्टपासून तुम्ही स्वतःच्या घरात वेगळ्या ताटात जेवता. तांब्या वेगळा, बसायला कोपरा वेगळा. ती तिथं असताना पुढचे तीन महिने तुम्ही स्वरूपला मांडीवर घेतलंत, पण एकदाही त्याचा मुका घेतला नाहीत. डॉक्टरीणबाईंनी काही गरज नाही म्हणून सांगितलं होतं, तरी. मुलीला रोगी वाटू नये म्हणून बाटली चुलीत घातलीत, आणि स्वतःला मात्र पंगतीतून उठवलंत.

विहीणबाई, वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळा कोपरा हा आमच्या घराण्याचा प्रांत आहे. आम्ही ते चार पिढ्या करतोय. त्याला अभ्यास लागतो. तुम्हाला ते जमायचं नाही.

रविवारी सव्वीस तारखेला पुरणपोळी आहे. तुम्ही यायचं. म्हशीला ताप असेल तर तिलाही घेऊन या.

चंपाबाई


बेळगुंदी
२८ एप्रिल २०२६

चंपाबाई विहीणबाईस्नी रामराम.

पोचले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मला रडू येतंय आन मग खरंच आवाज येत न्हाय.

मी माझं ताट पिशवीतनं घेऊन आलते ते तुमी बघितलं न्हायसा असं मला वाटलं हुतं. हात धुवून आले, ते ताट काढलं, आन दाराजवळ बसले. व्याही म्हणाले, अहो इकडं बसा. मी म्हटलं, हितं वारं लागतंय. माधवी खाली मान घालून पोराला भात भरवाय लागली.

तुमी वाढायचं थांबवून आलासा. मला वाटलं ताट बदलायला सांगणार. मी अर्धी पोळी खाल्लेली, दुधात कुस्करलेली, बोटांची खूण हाय तशी. आन तुमी, ज्या दुसऱ्याच्या तांब्याला तोंड लावत न्हाय, सोवळ्यातल्या लुगड्यानिशी माझ्यासमोर जमिनीवर बसलासा आन माझ्याच ताटातली ती उष्टी पोळी उचलून खाल्लीसा. व्याही हातात तुपाची वाटी घेऊन तसंच उभं. जावईबापू काय तरी बोलाय लागले तर तुमी त्येंच्याकडं बघितलंसा आन त्येंनी ताटात डोकं घातलं. एक घास न्हाय, सगळी खाल्लीसा. मग म्हणालासा, "तुमच्यासाठी दुसरी आणते."

मी तीस वर्सं ते आंगात घेऊन फिरले आन कळलं न्हाय तवर सुखात हुते. कळल्यावर नऊ महिने मला माझाच हात नगासा झालता. माधवीला माझ्याकडनं गेलं, आता आणि कुणाला जाईल, ह्येच डोक्यात. डॉक्टरीणबाईंनी सांगून गेलं न्हाय ते. बसमधी निपाणीपासनं बेळगावपातूर रडत आले. कंडक्टर म्हणाला, मावशी, कुणी गेलं काय. मी म्हटलं, न्हाय रं, पोळी खाऊन आले.

निघताना पोराचं मुकं घेतलं ते तुमी मोजत हुतासा, मला दिसलं.

आज दुपारी घरात सगळ्यांच्या पंगतीत बसले. माझ्या पोरानं सरकून जागा दिली. सून म्हणाली, आत्ती, लोणचं संपलं वाटतं. मी म्हटलं, माझ्या ताटातलं घे.

तिनं घेतलं.

मालुबाई